तीन बीप वाजून संगणक सुरू होत नसेल, तर मदरबोर्ड बदलण्यापूर्वी

तुमच्या प्रश्नाचा आशय मला असा समजला. रत्नागिरीला तुमच्या घरी साधारण 2010 मध्ये जोडून घेतलेला डेस्कटॉप आहे. त्यात इंटेलच्या जी41 चिपसेटचा (बोर्डवरचे भाग एकमेकांशी जोडणाऱ्या मुख्य चिपांचा) बोर्ड, कोअर टू ड्युओ प्रोसेसर आणि डीडीआर2 रॅमच्या दोन पट्ट्या आहेत. वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. पावसाळ्यात काही आठवडे बंद राहिल्यानंतर तो लावला, तर पंखे फिरतात, मॉनिटर काळाच राहतो आणि कॅबिनेटमधून तीन लांब बीप, थोडी विश्रांती, पुन्हा तीन बीप असे चालू राहते. सकाळी तीन-चार वेळा बंद-चालू केल्यावर कधीतरी तो सुरू होतो आणि मग दिवसभर विनातक्रार चालतो. दुरुस्तीवाल्यांनी ‘मदरबोर्ड गेला’ असे सांगितले आहे, आणि सोसायटीचे सगळे हिशेब त्यात असल्यामुळे जुना बोर्ड शोधावा की नवा संगणक घ्यावा, असे तुम्ही विचारले आहे.

माझ्या मते हा खरेदीचा प्रश्न अजून उभाच राहिलेला नाही. जो संगणक चौथ्या प्रयत्नात सुरू होतो आणि पुढे दिवसभर न अडखळता चालतो, त्याचा बोर्ड मेलेला नाही. त्यात काहीतरी सीमारेषेवर आले आहे आणि ते काय आहे हे अजून कोणी शोधलेले नाही. बीप ऐकून भागाचे नाव सांगण्याची सवय आमच्या धंद्यात फार आहे. बीप मात्र एवढेच सांगते की सुरुवातीची तपासणी कोणत्या टप्प्यावर थांबली; तो टप्पा कोणत्या भागामुळे अडला, हे आपल्यालाच एकेक गोष्ट बदलून शोधावे लागते.

हे पटण्यासाठी बटण दाबल्यानंतर आत काय होते ते थोडे पाहू. एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा, आपले सगळे व्होल्टेज स्थिर झाल्याची खूण बोर्डला देतो, प्रोसेसर जागा होतो आणि बायोसच्या, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरच्या, चिपमधला पहिला प्रोग्राम वाचू लागतो. तो प्रोग्राम प्रोसेसर, टायमर, रॅम आणि नंतर ग्राफिक्स अशी तपासणी करत पुढे जातो. ग्राफिक्स जागे होईपर्यंत पडद्यावर अक्षर उमटवण्याची सोयच नसते, त्यामुळे तोपर्यंतचा बिघाड सांगायला छोट्या स्पीकरशिवाय दुसरे साधन उरत नाही. 1981 मध्ये आलेल्या आयबीएम पीसीपासून हीच पद्धत चालत आलेली आहे. म्हणूनच हार्ड डिस्क, विंडोज किंवा व्हायरस यांच्यामुळे असे बीप सहसा वाजत नाहीत. त्यांची वेळ येईपर्यंत पडदा उजळलेला असतो आणि तक्रार अक्षरांत दिसते. तुमच्यासाठी यात दिलासा आहे, कारण हिशेब ज्या डिस्कवर आहेत तिच्यापर्यंत ही तपासणी पोहोचलेलीच नाही.

आता बीपच्या अर्थाकडे वळू. इंटरनेटवर मिळणारे तक्ते चुकीचे नसतात, पण ते प्रत्येकी एकाच बायोसपुरते खरे असतात. पाच बीपचेच उदाहरण घ्या. एएमआय या बायोस बनवणाऱ्या कंपनीच्या जुन्या तक्त्यात पाच बीप म्हणजे प्रोसेसर, डेलच्या बऱ्याच ऑप्टिप्लेक्स डेस्कटॉपमध्ये पाच बीप म्हणजे घड्याळाचा बटन सेल, आणि एचपीच्या त्या काळातल्या डेस्कटॉपमध्ये लाल दिव्याबरोबर पाच बीप म्हणजे रॅम. एक लांब आणि दोन छोट्या बीपचा अर्थ अवॉर्ड बायोसमध्ये ग्राफिक्स असा आहे, तर असुसच्या अनेक बोर्डांत तोच नमुना रॅम सापडत नसल्याचे सांगतो. त्यामुळे आधी बोर्डचे नाव आणि मॉडेल वाचावे. ते बहुधा रॅमच्या स्लॉटजवळ किंवा विस्तार स्लॉटांच्या मधल्या जागेत पांढऱ्या अक्षरांत छापलेले असते. मग त्याच बोर्डचे माहितीपत्रक उघडावे. संगणक ज्या दिवशी सुरू होईल त्या दिवशी पहिल्या काही सेकंदांत पडद्यावर येणारे बायोसचे नावही मोबाइलने टिपून ठेवावे. ‘फिनिक्स अवॉर्ड’ असे जोडनाव दिसले तर गोंधळू नका; 1998 मध्ये या दोन कंपन्या एकत्र झाल्या, पण तुमच्या पिढीतल्या बोर्डांवर त्या जोडनावाच्या बायोसचे बीप बहुधा अवॉर्डच्या पद्धतीचेच असतात.

एक साधी खात्रीही करून घ्या. आवाज कॅबिनेटमधून येतो आहे ना, यूपीएसमधून नाही ना? बॅटरी थकलेला यूपीएस ठरावीक अंतराने बीप देत राहतो आणि संगणकाचाच आवाज समजून लोक कॅबिनेट घेऊन दुकानात येतात. एकदा संगणक यूपीएस वगळून थेट भिंतीच्या सॉकेटला लावून पाहावा.

तुमचा बोर्ड इंटेलचा स्वतःचा असेल, तर तीन बीप, विश्रांती आणि पुन्हा तीन बीप याचा अर्थ ‘मेमरी एरर’ असा ठरलेला आहे. बोर्ड दुसऱ्या कंपनीचा असून त्यावर फक्त चिपसेट इंटेलचा असेल, तर एएमआयच्या जुन्या तक्त्यातही तीन बीप रॅमच्या पहिल्या भागाच्या चाचणीशीच जोडलेले आहेत. म्हणजे दोन्ही वाटा रॅमकडे जातात. पण ‘मेमरी एरर’ म्हणजे ‘रॅम खराब’ नव्हे. रॅमची पट्टी, तिचे सोनेरी संपर्क, स्लॉटमधल्या बारीक पिना, रॅमला लागणारा 1.8 व्होल्टचा पुरवठा तयार करणारा बोर्डवरचा भाग, आणि रॅमशी बोलणारा कंट्रोलर यांपैकी कोणीही अडले तरी बायोसला दिसते ते एकच: लिहिलेले परत नीट वाचता आले नाही. कोअर टू ड्युओच्या पिढीत हा कंट्रोलर चिपसेटमध्ये, म्हणजे बोर्डवरच्या मोठ्या हीटसिंकखाली (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्याखाली) असतो. त्यानंतरच्या कोअर आय मालिकेपासून तो प्रोसेसरच्या आत गेला, म्हणून त्या संगणकांत सॉकेटची एखादी वाकलेली पिन किंवा तिरका बसलेला कूलरसुद्धा रॅमची बीप वाजवू शकतो. तुमच्या बाबतीत ही शक्यता बाजूला ठेवता येते.

माझ्या कामात अशा अर्धवट चालणाऱ्या संगणकांसाठी जो प्रश्न मला सर्वांत उपयोगी पडतो, तो तुम्ही स्वतःला विचारावा असे वाटते: हा दोष हात लावल्याने बदलतो, की वेळ गेल्याने बदलतो? संपर्काचा दोष हात लावल्याने बदलतो. रॅम काढून पुन्हा बसवली, कॅबिनेट सरकवले, बोर्ड किंचित हलला की तो जातो किंवा परत येतो. घड्याळाशी त्याचा संबंध नसतो. थकलेल्या कॅपॅसिटरचा, म्हणजे वीज साठवून व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या छोट्या भागाचा, दोष वेळेबरोबर बदलतो. गार असताना तो अडवतो, काही वेळा बंद-चालू केल्यावर थोडी ऊब येते आणि संगणक सुरू होतो, मग लगेच बंद करून लावला तर पहिल्याच प्रयत्नात सुरू होतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तोच प्रकार. तुमच्या वर्णनातले ‘सकाळी’ आणि ‘दिवसभर विनातक्रार’ हे शब्द मला दुसऱ्या प्रकाराकडे नेतात, आणि ‘पावसाळ्यात बंद होता’ हे पहिल्याकडे. दोन्ही एकत्र असणेही कोकणातल्या हवेत नवलाचे नाही. दमट, खारट हवेत संपर्कांवर पातळ थर चढतो आणि वर्षानुवर्षांची धूळ ओलावा धरून ठेवते. संगणक रोज चालू असेल तर आतली ऊब हा ओलावा काढून टाकते. बंद राहिलेल्या संगणकाला ती मिळत नाही.

त्यामुळे कॅबिनेट उघडण्याआधी दोन-तीन दिवस फक्त नोंद करा. सकाळी पहिल्यांदा लावल्यावर काय झाले, कितव्या प्रयत्नात सुरू झाला, सुरू झाल्यावर लगेच बंद करून पुन्हा लावला तेव्हा काय झाले, आणि तासाभराने काय झाले, एवढे कागदावर लिहावे. एकदा का आत हात घातला की ही माहिती पुन्हा मिळत नाही, कारण रॅम हलवताच संपर्काचा दोष तात्पुरता नाहीसा होतो आणि आपण काहीही केले तरी ‘त्यामुळेच बरे झाले’ असे वाटू लागते. आणि संगणक सुरू झालाच आहे, तर त्याच वेळी सगळे हिशेब पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. हे काम उद्यावर टाकू नका.

मग वीज पूर्ण काढा. नुसते बटण बंद करू नका, तर मागची केबल ओढून काढा आणि पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलेला भार निघून जाईल. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून मग आतल्या भागांना हात लावावा. एसएमपीएसचा डबा मात्र कधीही उघडू नये. 230 व्होल्टच्या पुरवठ्यावर त्यातल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये 300 व्होल्टच्या वर दाब साठतो आणि केबल काढल्यावरही तो काही काळ राहू शकतो.

पहिले काम नुसते पाहण्याचे आहे, आणि त्यासाठी चांगली टॉर्च घ्यावी. प्रोसेसरच्या भोवती आणि रॅमच्या स्लॉटांजवळ उभे छोटे डबे दिसतील, ते कॅपॅसिटर. ज्यांच्या माथ्यावर क्रॉस किंवा तशीच खाच असते, त्यांचा माथा सपाट हवा. बोट फिरवल्यावर फुगवटा जाणवला, खाचेतून तपकिरी खरपुडी आलेली दिसली किंवा डबा बुडाशी तिरका झालेला असला, तर तो कॅपॅसिटर गेलेला आहे, आणि तुमच्या सकाळच्या त्रासाचे कारण बहुतेक तिथेच आहे. ज्यांचे माथे गुळगुळीत असून त्यांवर खाच नसते ते घन प्रकारचे असतात. ते असे फुगत नाहीत आणि सहसा जास्त टिकतात. रॅमच्या स्लॉटमध्येही टॉर्च मारून पाहा. मुंग्या, कोळ्याची जाळी, पालीची विष्ठा हे सगळे मी तिथे पाहिलेले आहे, आणि विष्ठेतला ओलावा तांब्याच्या रेषा खातो.

आता चाचणी. दोन्ही पट्ट्या काढा आणि रॅमशिवाय संगणक लावा. तीन बीप वाजल्या पाहिजेत. रॅम नसताना बीप वाजणे हे चांगले लक्षण आहे, कारण बीप वाजवण्यासाठी प्रोसेसर, बायोस आणि स्पीकर हे तिघे जिवंत असावे लागतात आणि एसएमपीएसचा निदान मूळ पुरवठा यावा लागतो. रॅम नसतानाही पूर्ण शांतता असेल, तर गोष्ट वेगळी आहे आणि शोध रॅमच्या आधीच्या टप्प्यांत घ्यावा लागेल. तुमच्याकडे बीप वाजते आहेच, त्यामुळे पुढे जाऊ.

केबल पुन्हा काढा, एक पट्टी पहिल्या स्लॉटमध्ये बसवा आणि लावून पाहा. मग तीच दुसऱ्या स्लॉटमध्ये. दुसऱ्या पट्टीचेही तसेच करा. पट्टी बसवताना मधली खाच स्लॉटच्या खुणेशी जुळवावी आणि दोन्ही टोकांना अंगठ्याने सारखा दाब द्यावा. बाजूच्या पांढऱ्या कड्या आपोआप वर येऊन खट्ट आवाज झाला, की ती बसली. कडी हाताने ओढून लावावी लागत असेल, तर पट्टी पूर्ण खाली गेलेली नाही. एक पट्टी दोन्ही स्लॉटमध्ये अडली आणि दुसरी दोन्हीत चालली, तर दोष पट्टीत आहे. दोन्ही पट्ट्या एका स्लॉटमध्ये चालल्या आणि दुसऱ्यात अडल्या, तर दोष स्लॉटमध्ये आहे. चारही जोड्यांत बीप आली, तर दोन पट्ट्या एकाच वेळी जाणे दुर्मीळ असल्याने संशय पुरवठा आणि बोर्डाकडे वळतो; पण तसे म्हणण्याआधी कोणाची तरी चालू असलेली डीडीआर2 पट्टी लावून पाहावी. या चाचण्या सकाळी, संगणक गार असताना कराव्यात. दुपारी केल्या तर ऊब आलेला संगणक सगळ्याच जोड्यांत चालेल आणि तुम्हाला काहीच कळणार नाही.

संपर्क साफ करण्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण इथे चांगल्या हेतूने नुकसान होते. पट्टीच्या खालच्या कडेचे सोनेरी चौकोन उजेडात तिरके धरून पाहा. निरोगी संपर्क चकचकीत असतात, आणि थर चढलेले निस्तेज किंवा काळपट डागांचे दिसतात. शाळेतले पांढरे मऊ खोडरबर एकाच दिशेने, हलक्या हाताने फिरवले तर थर निघतो, पण त्याचा भुगा स्लॉटमध्ये जाऊ देऊ नये. शाईचे खरखरीत रबर किंवा सँडपेपर वापरू नका. सोन्याचा मुलामा फार पातळ असतो आणि तो एकदा निघाला की खालचा धातू आणखी लवकर खराब होतो. त्यानंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घेऊन पुसावे आणि पूर्ण वाळू द्यावे. स्लॉटमधली धूळ मऊ कोरड्या ब्रशने काढावी; तोंडाने फुंकर मारू नये, कारण थुंकीचे बारीक थेंब तिथेच बसतात.

साफसफाईनंतर संगणक सलग आठवडाभर सकाळी पहिल्याच प्रयत्नात सुरू झाला, तर दोष संपर्काचा होता असे मानायला हरकत नाही. एक दिवस चालणे हा पुरावा नाही. तरीही एकदा पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट86+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालवून एक पूर्ण फेरी होऊ द्यावी. एकही चूक दिसली, तर ती पट्टी हिशेबाच्या संगणकात ठेवू नये, कारण अशी रॅम संगणक सुरू होऊ देते आणि आकडे गुपचूप बिघडवते.

साफसफाईने फरक पडला नाही आणि सकाळचा त्रास तसाच राहिला, तर एसएमपीएसकडे वळा. मल्टिमीटर असेल तर संगणक चालू असताना, प्लग बोर्डला जोडलेला ठेवूनच मोजावे: पिवळ्या तारेवर 11.4 ते 12.6, लाल तारेवर 4.75 ते 5.25 आणि नारिंगी तारेवर 3.14 ते 3.47 व्होल्ट. मीटरचे टोक दोन पिनांना एकदम लागू देऊ नका. हाताची सवय नसेल तर हे मोजमाप जाणकाराकडूनच करून घ्या. आकडे योग्य आले तरी एसएमपीएस निर्दोष ठरत नाही, कारण थकलेल्या कॅपॅसिटरमुळे व्होल्टेजवर येणारी जलद थरथर साधा मीटर दाखवत नाही. म्हणून कोणाचा तरी खात्रीचा एसएमपीएस एक-दोन सकाळी लावून पाहणे ही त्याहून चांगली चाचणी आहे. त्याने संगणक सुधारला, तर फक्त एसएमपीएस बदला. नाही सुधारला आणि बोर्डवरचे कॅपॅसिटर फुगलेले असले, तर सोल्डरिंग करणारा चांगला कारागीर ते बदलून देतो. क्षमता तीच, व्होल्टेज तेवढेच किंवा थोडे जास्त आणि 105 अंशांचे, कमी ईएसआरचे (आतला विद्युत रोध कमी असलेले) कॅपॅसिटर लावायला सांगा. बोर्ड बदलण्यापेक्षा हे काम बहुधा स्वस्त पडते.

घड्याळाचा बटन सेल तुमच्या तीन बीपचे कारण असण्याची शक्यता कमी आहे. पण इतक्या वर्षांच्या संगणकात सीआर2032 सेल बदलूनच टाकावा. तारीख मागे जात असेल तर नक्कीच. सेल काढून काही मिनिटे थांबल्यावर बायोसची सेटिंग मूळ स्थितीला येते, त्यामुळे कोणी रॅमचा वेग हाताने बदललेला असेल तर तेही आपोआप दुरुस्त होते. संगणक सुरू झाल्यानंतर काम करताना उंच-खोल अशी आळीपाळीने बीप वाजू लागली, तर ती तापमानाची आहे. तेव्हा कूलर बोर्डला धरून ठेवणाऱ्या चार पिनांपैकी एखादी सैल झाली आहे का आणि कूलरखालची पेस्ट वाळली आहे का ते पाहावे.

रॅम विकत घ्यावीच लागली, तर डीडीआर2ची 800 मेगाहर्ट्झची 2 जीबी पट्टी मागा. डीडीआर3ची पट्टी त्याच लांबीची दिसली तरी तिची खाच वेगळ्या जागी असते. जोर लावून बसवू नका. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत जुनी रॅम विचारता येईल. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या 4 जीबीच्या काही डीडीआर2 पट्ट्या फक्त एएमडीच्या बोर्डांवर चालतात. तुमच्या इंटेल चिपसेटवर त्या लावल्या तर तीच बीप वाजेल आणि पुन्हा बोर्डावरच आळ येईल. दुकानदाराला बोर्डचे मॉडेल सांगून, चालली नाही तर परत घेण्याच्या बोलीवरच घ्या.

एवढे सगळे करूनही चारही जोड्यांत, खात्रीची रॅम आणि खात्रीचा एसएमपीएस लावूनही बीप राहिली, तर मात्र तुमच्या दुरुस्तीवाल्यांचे म्हणणे खरे ठरेल. त्या वेळी जुना जी41 बोर्ड शोधू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. तो बोर्डही तितकाच जुना, त्याचे कॅपॅसिटरही तितकेच थकलेले. शिवाय विंडोज 10 चा नेहमीचा पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आहे आणि कोअर टू ड्युओ विंडोज 11 च्या अटींत बसत नाही. हिशेबाची प्रत तोपर्यंत काढून झालेली नसेल, तर जुन्या कॅबिनेटमधली साटा हार्ड डिस्क काढून साटा ते यूएसबी केबलने दुसऱ्या संगणकाला लावता येते. डिस्क साडेतीन इंची असल्याने स्वतंत्र 12 व्होल्टचा अॅडॉप्टर असलेलीच केबल घ्या. कॅबिनेट उघडल्यावर बोर्डचे मॉडेल, कॅपॅसिटरांचे जवळून काढलेले फोटो आणि सकाळच्या नोंदींचा कागद पाठवलात, तर पुढचे नेमके सांगता येईल.